दुसरा नाका

दर फळीवर रंगवले होते.
ज्याला वाचता येत नसे त्याला मी म्हणून दाखवायचे:
घोडा नि स्वार, चार सेंट.
बैलगाडी, दहा.
मेंढ्या, विसाला सहा.
टर्कींबद्दल कंपनीनं काहीच ठरवलं नव्हतं.
एका नोव्हेंबरात चारशे टर्की बोस्टनला चालत निघाले,
अंधार पडताच माझ्या छपरावर चढून बसले.
तुळया करकरत होत्या.
हाकणाऱ्यानं टोपी काढून विचारलं,
मुक्कामाचं काय पडेल?

चर्चला जाणारा फुकट.
दळणाला निघालेला फुकट.
प्रेताची गाडी फुकट.
त्यामुळे टॅमरॅक टेकडीच्या अलीकडे
लोक फार धार्मिक झाले,
मंगळवारीसुद्धा.

ही वाट आधी हरणांची.
मग त्यांच्या मागावरून चालणाऱ्या माणसांची,
ज्यांना कुणी शेअर विकायला गेलं नाही.
अठराशे चारमध्ये साखळ्या घेऊन मोजणीदार आले,
त्यांनी टेकडीवरून सरळ रेघ ओढली.
वळसा घालणं कमीपणाचं वाटलं असावं.
नकाशा देखणा झाला.
चढावर घोड्यांच्या तोंडाला फेस यायचा.

लेम्युएलनं पंचवीस डॉलरचा एक शेअर घेतला.
लाभांश कधी आला नाही.
नाक्याची नोकरी आली,
आणि तो गेल्यावर ती माझ्याकडे आली,
त्याच्या कोटासकट.

असाहेल प्रुइट मात्र आडकाठीच्या वाटेला गेला नाही.
त्यानं आपल्या कुरणातून चोरवाट पाडली,
बर्चच्या राईमागून, ओढ्यातून.
चार सेंट वाचवायला दीड मैल चिखल.
एकदा चाक मोडलं, तीन डॉलर गेले,
तरी हिशेब त्याच्याच बाजूचा.
रात्री त्याच्या गाडीचा आस कुरकुरायचा,
मला अंथरुणात ऐकू यायचा.
अमावास्येला मी दिवा
ओढ्याकडच्या खिडकीत ठेवायचे.
कंपनीला हे कळवायचं कारण नव्हतं.

बारा वर्षांनी, फेब्रुवारीत,
तो पहिल्यांदा सरळ रस्त्यानं आला.
घसरगाडीवर, पाइनच्या पेटीत.
थोरल्यानं हातमोजा काढला, खिसा चाचपला.
म्हटलं, राहू दे.
फळीवर लिहिलंय.
आडकाठीवर बर्फ साचला होता,
दोन्ही हातांनी उचलावी लागली.

पुढं रेल्वे आली, खालच्या खोऱ्यातून, वळसे घेत.
कंपनीनं फळी उतरवली, दांडा लिलावात काढला.
तो आता कुणाच्या तरी गोठ्यात आहे.
तीन मैलांचा दगड माझ्या दाराची पायरी झाला.
टेकडीवरच्या सरळ रेघेत जुनिपर माजलंय,
आणि गाव जातं-येतं ते प्रुइटच्या वाटेनं.
सरकारी कागदावर तिला आता रस्ता म्हणतात.

परवा मक्याची गोणी घेऊन मीही तिकडून गेले.
ओढ्यात गुडघ्यापर्यंत गेले, बूट भरला, गोणी भिजली.
मधोमध उभी राहून
मी असाहेलला शिव्या घातल्या,
मोठ्यानं, त्याचं पूर्ण नाव घेऊन.