पाचशे एक

सावद्यात, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
रात्री सव्वा वाजता मी पाचशे माणसं उभी केली.
एकालाही तोंड नव्हतं.
सगळ्यांनी एकदमच विचारायचं, एवढंच:
उद्या माझी गाडी किती वाजता भरणार?

केळीच्या ट्रकांची नोंदणी सोमवारपासून फोनवर.
लिंक आधीच वाटून झालेली. म्हटलं, रात्री कोण येतंय.
मे महिना, भिंती अजून दिवसाचं ऊन ओकत होत्या,
कूलरमधलं पाणीसुद्धा कोमट.
रुबाब तडवी स्टुलावरून म्हणाला, सोड.
सोडली.

पहिल्यांदा: कनेक्शन नाकारलं.
पाचशेपैकी पाचशे.
हे सोपं असतं. अख्खा वर्ग नापास झाला
की चूक प्रश्नपत्रिकेत असते.
पोर्टच्या रकान्यात ८०८० ऐवजी ८००८,
भिंतीला दार समजून पाचशे जण थापा मारत होते.

दुसऱ्यांदा: वेळ संपली.
नाकारणं वेगळं, वेळ संपणं वेगळं.
नाकारणारा निदान घरात असतो.
इथे कुणी हूं की चूं केलं नाही.
रुबाबने फायरवॉलचे नियम वाचले, बोट ठेवून,
सातबारा वाचावा तसे,
आणि सतराव्या ओळीवर बोट थांबलं:
आपलाच पत्ता, अडवलेला.
कुणी लिहिलं? तारीख दिवाळीतली. सही त्याचीच.
तो पाणी प्यायला गेला.

तिसऱ्यांदा चाललं.
आलेख चढला, पालजवळ सातपुडा चढतो तसा,
दोन मिनिटं,
मग लाल.
पुन्हा दोन मिनिटं. पुन्हा लाल.
मी सर्व्हरला दोष दिला. बंद केला, चालू केला.
मेमरी वाढवली. बंद केला, चालू केला.
डेटाबेसला दोष दिला, भुसावळहून येणाऱ्या केबलला,
रुबाबने तर खाली लादी फोडणाऱ्यांनाही.

तीनच्या सुमाराला मी ती ओळ शेवटी नीट वाचली
जी लॉगमध्ये पानोपानी तीच तीच होती:
पत्ता आधीच वापरात आहे.
कुणाचा पत्ता?
माझा.

सर्व्हर बिचारा हात बांधून बसला होता.
दम संपत होता माझ्या लॅपटॉपचा.
प्रत्येक प्रश्नाला तो नवं पोर्ट उघडायचा,
उत्तर मिळालं की मिटायचा,
पण मिटलेलं पोर्ट लगेच मोकळं होत नाही.
दोन मिनिटं उंबऱ्यातच उभं राहतं,
वाटेत रेंगाळलेलं एखादं पॅकेट उशिरा आलं
तर घ्यायला कुणीतरी असावं म्हणून.
सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी पोर्टं
अशी उंबऱ्यात. बोलायला एकही नाही.

एका चौकोनात खूण करायची राहिली होती:
जोडणी धरून ठेवा.
केली.
पाचशेच्या पाचशे तासभर बोलत राहिले,
आलेख तापीच्या पात्रासारखा सपाट.
रुबाब टेबलावर डोकं टेकून घोरायला लागला.

अहवालासाठी मी नोंदी मोजल्या.
पाचशे एक.
परत मोजल्या.
एक पत्ता आमचा नव्हता.
दोन सतरा. दोन एकोणीस. दोन चोवीस. दोन एकतीस.
चारही वेळा मी नेमका सर्व्हर बंद केलेला.
त्याआधी पोचलेलं एकच पान, अर्धं भरलेलं:
भिकन पिंजारी, पारोळा, दहाचाकी.

सहाला फोन लावला.
मागे इंजिन चालू, कुणीतरी मोठ्याने घड मोजत होतं.
माझं वाक्य तयार होतं, लांबलचक,
त्यात पोर्ट होतं, दिलगिरी होती.
ते अर्ध्यावर तोडून तो म्हणाला,
काही नही ताई,
माले वाटनं मनाच फोन बिघडेल शे.
मी त्याले चारदाव बंद कया, चालू कया.