शिवण उसवताना

खांद्यावरचा लीगचा बिल्ला उसवायला
एका जर्सीला सहा मिनिटं लागतात.
जर्स्या दोनशे बारा.
पत्र मंगळवारी आलं. गुरुवारी मी
टाके उसवायची आकडी घेऊन
लाँड्रीतल्या पत्र्याच्या टेबलाशी बसले.

बिल्ला निघतो. त्याच्याखालचं कापड मात्र
अजून गर्द हिरवं,
ऊन न लागलेलं, ड्रायरनं न विटलेलं.
आता प्रत्येक खांद्यावर ढालीच्या आकाराची
एक कोरी जागा आहे,
आणि ती लपवायला नवा बिल्ला लहान पडतो.

झालं असं,
की किनाऱ्यावरची दोन मोठी विद्यापीठं
टीव्हीच्या पैशासाठी आपली लीग सोडून गेली.
त्यांच्या खुर्च्यांवर त्यांच्या खालचे सरकले,
यांच्या खुर्च्यांवर यांच्या खालचे,
आणि सरकत सरकत तो धक्का
साउथ डकोटात, अकराशे मुलांच्या कॉलेजात पोचला,
जिथे टीव्हीचा कॅमेरा एकदाच आला होता,
तोही वादळानं जिमचं छप्पर उडवलं तेव्हा.
म्हशी-म्हशींची टक्कर म्हणतात, तसं.
इथून तर म्हशी दिसल्याही नाहीत.
झाड तेवढं मोडलं.

ब्रँडवोल्डसाहेबांनी नवा नकाशा लावला,
टाचण्या टोचून.
सर्वांत जवळचा नवा शेजारी सहाशे चाळीस मैलांवर.
संधी हा शब्द ते चार वेळा म्हणाले.
मी मोजले, कारण जलतरण हा शब्द
एकदाच म्हणाले, आणि तोही घाईत,
डिझेल आणि मोटेलच्या आकड्यांमध्ये.

काया लिंडग्रेननं टोपी, चष्मा, टॉवेल जमा केला.
टॉवेल धुतलेला होता. घडी करून.
सव्वीस वर्षांत एकाही मुलीनं
मला धुतलेला टॉवेल परत दिला नव्हता.
मी तो पुन्हा मशीनमध्ये टाकला.
काय करणार, हातांना तेवढंच येतं.

टॉली क्रीक आमच्यापासून अडतीस मैल.
एकाहत्तर वर्षं, नोव्हेंबरचा दुसरा शनिवार,
आणि मध्ये एक दुधाचा जुना कॅन,
जिंकेल त्याच्या घरी वर्षभर राहणारा.
पोचे किती, ते आमचे की त्यांचे,
यावर दोन्ही गावांत सोयरिकी मोडल्यात.
त्यांना दुसऱ्याच लीगनं घेतलं. आम्हाला या.
नव्या वेळापत्रकात त्या शनिवारी
आम्ही विमानात आहोत.

तर त्या शनिवारी
(विमानात माझी जागा नव्हती)
लाँड्रीच्या मागच्या दाराशी पिकअप थांबली.
ऑरविल स्टेनग्रेन, त्यांच्याकडचा मी.
म्हणजे जे मी इथे धुते, ते तो तिथे धुतो.
चिखलाचे डाग व्हिनेगरनं जातात
हे मला त्यानंच शिकवलं, हरलो होतो त्या वर्षी.
मागे, घोंगडीत गुंडाळलेला, कॅन.

म्हटलं, हा तुमचा. सतरा-चौदा.
रंगानं लिहिलंय वर.
तो म्हणाला, हरायची सोयच उरली नाही, डोरीन,
जिंकलेलं ठेवून काय करू?
म्हटलं, मग मी तरी काय करू?
हे त्याला सुचलेलं नव्हतं.

कॅन दारातच राहिला. ना आत, ना बाहेर.
येता-जाता त्याला दोघांच्याही पायांची ठोकर बसली,
एक पोचा वाढला असेल.
मी कॉफी ओतली.
त्यानं चष्मा पुसला, ढिगातली एक जर्सी उचलली,
एकसष्ट नंबरची, बाही फाटकी,
आणि न विचारता दुसरी आकडी घेतली.

पहिल्या जर्सीला त्याला नऊ मिनिटं लागली.
त्यांच्याकडे म्हणे बिल्ले चिकटवलेले असतात.
पाचवीला सहा.