द्विवचन

फेब्रुवारी. द्रावा नदीवर धुकं,
आणि साप्ताहिकाच्या तळघरात, माझ्या टेबलावर
अर्ज क्रमांक एकेचाळीस.
'कलम सतरानुसार', अशी सुरुवात.
सगळेच अशी करतात, घसा खाकरल्यासारखी.

विल्को झोरेत्स, वय बावन्न, कौलं बसवतो.
अठ्ठ्याण्णव साली, कार्निव्हलच्या रात्री
थंडीला हाकलून दमलेला,
कमरेच्या घंटा न सोडताच गाडीत बसला,
आणि ओर्मोझ रस्त्याच्या वळणावर
सायकलवरचा सिरिल मुंदा त्याला दिसला नाही.
शिक्षा भोगली. दारू सुटली. लग्न झालं.
आता मुलीच्या होणाऱ्या सासूनं
सहज म्हणून फोनवर नाव टाकलं.

'बातमी खोटी आहे असं मी म्हणत नाही,' तो लिहितो,
'फक्त ती रोज सकाळी ताजी होते.'

विसरायला कायद्यानं मला एक महिना दिलाय.
माझ्या आईला सहा वर्षं लागली,
आणि तिनं तर अर्जही केला नव्हता.

गाव लहान. आठव्या दिवशी
जिन्याचा कठडा धरून तेरेझिया मुंदा उतरली,
एक्याऐंशी वर्षांची, हातात औषधांच्या दुकानाची पिशवी.
बसली नाही.
मी तिला समजावलं: छापील अंक कपाटात तसाच राहील,
पडद्यावरचं फक्त त्याचं नाव जाईल.
हा कायदा जिवंत माणसांचा, मेलेल्यांना लागू नाही,
तेव्हा सिरिलचं नाव कुठं जात नाही, बाई.

'एकटाच?' ती म्हणाली.

त्या रात्री मी भाच्याच्या फोनवरल्या यंत्राला विचारलं.
त्याला सगळं ठाऊक होतं.
विल्कोचं नाव, वळण, घंटासुद्धा.
वर म्हणालं, त्या रात्री बर्फ पडत होता.
बर्फ नव्हता. मी होते तिथं, मला आठवतं,
कोरडं, चांदणं पडलेलं.
गेल्या शरदात आम्ही दारावर दोन ओळींची पाटी लावली होती:
हक्क राखून ठेवले आहेत,
यंत्रांनी आत येऊन वाचू नये.
तोवर ती येऊन गेली होती.
चोरी म्हणावी तर सगळं जागच्या जागी,
एक स्वल्पविराम हललेला नाही.

डब्लिनच्या पत्त्यावर लिहिलं.
उत्तर आलं, निर्दोष स्लोव्हेनियन भाषेत,
कुणाचीच सही नसलेलं.

मारिबोरचा वकील म्हणाला, एवढं काय त्यात,
वाक्य एकवचनी करा:
'वळणावर सायकलस्वार मरण पावला.'
कायदाही खूश, व्याकरणही.

पण आमच्या भाषेत दोघांसाठी क्रियापदाचं
एक वेगळंच रूप आहे.
एकाला ते चालत नाही, तिघांना पुरत नाही.
नवरा-बायको, जुळी भावंडं, दोन डोळे,
आणि अठ्ठ्याण्णव सालच्या त्या बातमीत
कुण्या घाईतल्या वार्ताहरानं लिहिलेलं:
'ते दोघं वळणावर भेटले.'

वार्ताहर कसली, मीच.
चोवीस वर्षांची होते, विल्कोच्याच वर्गातली.
'भेटले' हा शब्द तेव्हापासून खुपतो.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी नाव काढलं.
कौलं बसवणाऱ्या माणसाला
मुलीच्या लग्नात ताठ उभं राहता यावं.
वाक्यात तिथं आता एक मोकळी जागा आहे,
जिभेला सापडते तशी, दात काढल्यावर.
क्रियापदाला हात लावला नाही.

शोधणाऱ्याला तिथं एकच नाव मिळेल.
मोजणाऱ्याला
अजून दोघं.