रकाना क्रमांक नऊ

मी बिलं करते. तेवीस वर्षं झाली.
शीवच्या या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
झेरॉक्स मशीनच्या गरम श्वासाशेजारी माझं टेबल.
तासिका तत्त्वावरच्या लोकांची बिलं:
तारीख, वर्ग, कधीपासून कधीपर्यंत, सही.
आमचा तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा.
घंटा झाली की पैसे थांबतात,
पोरांचे प्रश्न थांबत नाहीत.

सतरा जण आहेत. त्यात अकरा बायका.
कायम जागांवरच्या बायका मोजताना
एका हाताची बोटं पुरतात.

डॉ. अनसूया तांडेल, प्राणिशास्त्र.
माशाच्या कानात एक खडा असतो म्हणे,
त्यावरची वर्तुळं मोजली की वय कळतं.
त्यावर तिची पीएचडी.
तिची स्वतःची सात वर्षं मात्र कुठेच मोजलेली नाहीत:
दर जूनला नवी ऑर्डर,
दर एप्रिलला सेवा समाप्त.

मुलाखतीचे कागद मीच टाचते, दाराशी बसून.
आत तिला विचारलं, मिस्टर काय करतात,
दुसऱ्याचा विचार आहे का.
तिच्यानंतरच्या गृहस्थांना विचारलं,
पार्ल्याहून यायला किती वेळ लागतो.

सातव्या महिन्यात ती स्टुलावर चढून
फॉर्मेलिनच्या बरण्या उतरवत होती.
मी रजेचा नमुना शोधला. तिच्यासाठी नव्हता.
साहेब म्हणाले (वाईट नाहीत ते, खरंच),
"अहो, तासाला कसली रजा?
घेतला तर तास, नाही तर नाही."
मी त्या वाक्यात चूक शोधत बसले.
ती वाक्यात नव्हतीच.

मग एकदा तिची आई आली, वेसाव्याहून,
कडेवर बाळ. मधल्या सुट्टीत पाजायला.
जागा कुठे? माझ्या कपाटामागे,
जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर बसून पाजलं.
म्हातारी माझ्याकडे बघत म्हणाली,
"मी वाटा लावतंय, भाव मी सांगतंय.
घे, नायतर चालू पड.
हिचा भाव कोन सांगतंय गो?"
कपाट उघडंच होतं.
मी उगाच किल्ल्या चाचपत राहिले.

त्या महिन्याच्या बिलात मी एक रकाना वाढवला.
पट्टी धरून, लाल शाईने:
न मोजलेला वेळ.
उत्तरपत्रिका एकशे चाळीस.
बरण्या धुणे, लेबलं लावणे.
जिन्यात रडणाऱ्या मुलीपाशी, पस्तीस मिनिटं.
समितीच्या स्वागताची रांगोळी, सकाळी सहापासून.

बिल परत आलं. आक्षेप:
रकाना क्र. ९ नियमात बसत नाही.
पुन्हा पाठवलं. पुन्हा आलं.
तिसऱ्या खेपेला गव्हाणकर सर आले,
तेही तासावरचेच. म्हणाले, माझाही भरा,
फक्त रांगोळी वगळून.
त्या दिवशी ऑफिसात खूप हसलो आम्ही.
मग सगळ्यांचाच भरला.

पैसे मिळालेले नाहीत. हेही लिहून ठेवते.
मार्चअखेर मी निवृत्त होतेय.
पट्टी खणात राहील.

परवा तांडेल मॅडमनी त्या बिलावर भिंग धरलं.
आवक, जावक, आवक, जावक,
गोल शिक्के एकमेकांवर चढलेले.
मोजत होत्या, ओठ हलवत.
म्हटलं, काय निघालं?
म्हणाल्या, थांबा,
अजून वाढतोय.