सत्तेचाळीस

हॉटेलवाल्यांनी खडूनं आकडे घातले होते
एकेका दगडावर, शेंड्यापासून पायापर्यंत,
म्हणजे समुद्राकाठी, पोहायच्या तलावाशेजारी
आमच्या आजोबांचं कझून
जसंच्या तसं उभं राहील.
ब्लाझनं सही केली. माझा भाऊ.
म्हणाला, फूमा, माझा हात दगडाखाली आहे.
ट्रकनं दोन खेपांत सगळं नेलं.
ऑलिव्हच्या झाडांमध्ये उरला
तांबड्या मातीचा एक उघडा गोल
आणि सत्तेचाळीस नंबरचा दगड,
कुणाच्या तरी हातून निसटून
काटेरी झुडपात गेलेला.
तिकडे त्याच्या जागी काय घातलं असेल?
सिमेंटच, बहुधा.

कझून म्हणजे दगडांची गोल खोपी,
टोपीसारखं छप्पर, चुना नाही, माती नाही,
दगडावर दगडाचं वजन, एवढाच चिकटा.
गारा थांबेपर्यंत आत
एक माणूस, एक कुदळ, एक बकरी
उभी राहू शकतात. बकरी गरीब असेल तर.

मी सव्वीस वर्षं रोविन्यच्या कारखान्यात
सार्डिन डब्यांत भरले.
मान इकडे, शेपटी तिकडे,
फटीवर फट येऊ द्यायची नाही.
दगडांचं निराळं काही नसतं.
फक्त हात धुतल्यावर वास राहत नाही
आणि सुट्टीचा भोंगा होत नाही.

मार्चात खुंटीला दोरी बांधून गोल आखला.
दगड शेतातलेच, नांगराला शिव्या खायला लावणारे.
झ्वाने ट्रॅक्टर थांबवायचा, इंजिन चालूच,
आणि ओरडायचा,
उचललेला दगड खाली ठेवू नकोस!
हातात आला की त्याची जागा शोधायची!
त्याच्या स्वतःच्या गडग्याला
पंचाहत्तर सालापासून भगदाड आहे,
तिथे त्यानं पलंगाची जाळी उभी केलीय.

पण सत्तेचाळीस मी रोज उचलला
आणि रोज खाली ठेवला.
एक बाजू सपाट, दुसरी पोट सुटलेली.
पहिल्या थरात उंच झाला, चौथ्यात रुंद,
दाराच्या चौकटीला आखूड.
चिपा घालून पाहिल्या. छिन्नी लावावी म्हटलं,
तर हात वर जाऊन तसाच थांबला.

खांद्याच्या वर गेलं की भिंत आत वळवायची.
दर थराला चार बोटं, जास्त नाही,
आणि दगडाचं नाक बाहेरच्या अंगाला जरा खाली,
म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर जातं.
मी जुलैत एका थराला सहा बोटं घेतली.
घाई. ऊन. सकाळी मुलीचा फोन, रिएकाहून,
पत्र्याची शेड दोनशे युरोला मिळते म्हणून.
अर्धं छप्पर खाली आलं,
डाव्या हाताचं मधलं बोट दगडाखाली. खरोखरचं.
तिथेच बसून ब्लाझला दिलेल्या शिव्यांतली
अर्धी मी परत घेतली.
अर्धीच.

मग पुन्हा. आतून बघताना
वरचं आभाळ आधी परातीएवढं,
मग बशीएवढं, मग डब्याच्या झाकणाएवढं.
सप्टेंबरात एका संध्याकाळी
शिडीवर चढून मी ते झाकण लावलं.
टाळ्या कोण वाजवणार,
एक सरडा होता, तोही निघून गेला.

ऑक्टोबरात ऑलिव्ह काढायला ब्लाझ आला.
न सांगता. स्वतःची शिडी घेऊन.
तिसऱ्या झाडाशी आभाळ काळं झालं
आणि दोघं वाकून आत शिरलो,
गुडघ्याला गुडघा लागेल असे.
भिंतीकडे तो बघत राहिला, वर, चारी बाजूंना,
बोट एका सांध्यावरून फिरवलं. बोलला काही नाही.
दाराजवळचा तो दगड पायानं आत ओढला,
त्याच्यावर बसला.
आकडा एप्रिलच्या पावसातच धुऊन गेला होता.
बरा आहे गं हा, म्हणाला, डगमगत नाही.
मी हं म्हटलं.
बाहेर गारा होत्या की नुसता पाऊस,
आतून कळत नव्हतं.