मागे न बघता

हिंमतनं रविवारी सकाळी साडेसहालाच गाडी काढली,
काचेवर ओला फडका मारला
आणि मायला विचारलं, आज मातृदिन, सांग, कुठं जायचं?
माय दुधातल्या दशम्या भाजत होती.
"बैलेस्ना पोया ऱ्हास, तसा आते मायना बी?"
वहिनी हसली : मग शिंगं रंगवायची का?
"रंगवा. पन पयले उनपदेव चाला."

मे महिना. अमळनेरात आठ वाजताच
पत्रे तडतडायला लागतात.
अशा उन्हात गरम पाण्याच्या झऱ्याला कोण जातं?
पण दिवस तिचा होता
आणि गुडघेही तिचेच.

ती पुढे बसली. हेही पहिल्यांदाच.
ती सीट अप्पांची. अप्पा गेल्यापासून
तिथे पिशव्या बसायच्या.
बेल्ट लावताना म्हणाली, मला कशाला बांधता, मी कुठं पळते.

तापीच्या पुलावर तिनं खिडकीतून रुपया टाकला.
पाणी पार पलीकडच्या कडेला,
रुपया वाळूत.
"ऱ्हाऊ दे. येईल ती भादव्यात तिथवर."

चोपडा मागे पडलं, केळीच्या बागा लागल्या,
झळा अडवायला कडेनं हिरव्या जाळ्या बांधलेल्या,
आणि मायनं मांडीवरचा डबा उघडला.
दशमीला दाण्याची चटणी, घट्ट सुरळी,
हात खांद्यावरून मागे.
मान वळवली नाही, डोळे रस्त्यावर,
जणू गाडी हिंमत नाही, तीच चालवतेय.
"कोन शे?"

मला एकदम पोळ्याची संध्याकाळ दिसली.
बैल गल्लीतून फिरून गेलेले,
उंबऱ्याशी चुरगळलेला झेंडू,
आत चौसष्ट योगिनींच्या कागदापुढे
माय आमच्याकडे पाठ करून बसलेली,
डोक्यावर खिरीची वाटी धरून विचारतेय,
अतीत कोन शे?
आम्ही मागे रांगेत, धक्काबुक्की करत :
मी शे, हिंमत.
मी शे, कुमुद.
मी शे, निंबा.
मग ती चौथ्यांदा विचारायची.

चौथं कोणी नव्हतं.
हिंमतनंतरचं एक, माझ्याआधीचं,
बारशाआधीच गेलेलं.
दाराआड अप्पा खाकरायचे.
वाटी खाली यायची.
त्या वाटीतली खीर पुढे कोण खायचं,
मी कधी विचारलं नाही.

गाडीत निंबा म्हणाला, मी शे.
मी म्हणाले, मी शे.
"मी बी शे," वहिनी म्हणाली, साताऱ्याची वहिनी,
लग्नाला आठ वर्षं झाल्यावर पहिल्यांदा अहिराणीत,
आणि लाजून खिडकीबाहेर बघायला लागली.
हिंमतला मायनं घास मोडून दिला, त्याचे हात गुंतलेले.

मग हात पुन्हा मागे आला.
"कोन शे?"

एसीचा आवाज तेवढा.
निंबानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्या चपलांकडे.
हिंमत खाकरला, थेट अप्पांसारखा,
आणि स्वतःच दचकला.

वहिनीच्या मांडीवर झोपलेली रुजू,
पाच वर्षांची, गालावर ओढणीचे वळ,
डोळे न उघडताच म्हणाली, मी!
आणि सुरळी ओढून घेतली.

हात तसाच राहिला खांद्यावर,
रिकामा, बोटांना चटणी.
एक ट्रॅक्टर गेला, केळीच्या घडांनी भरलेला. मग दुसरा.
मग तिनं हात पदराला पुसला
आणि हिंमतला म्हणाली, "धीरे चालाड, अडावद उनं."

उनपदेवाला गोमुखातून पाणी पडत होतं.
निंबानं बोट लावलं आणि शिवी दिली.
माय पायरीवर बसली, पातळ गुडघ्यांवर ओढून,
आमच्यापैकी कुणालाही सोसेना ते पाणी
ओंजळीनं गुडघ्यांवर घेत.
रुजू तिखटानं नाक ओढत विचारत होती,
आजी, अजून आहेत का दशम्या?

"शेत ना. आज मी मोज्याच नहीत."

निंबानं त्याच वेळी फोटो काढला, स्टेटसला ठेवला.
वाफेनं निम्मा धुरकट आलाय,
आणि मायचे डोळे मिटलेले.