व्हिनेगरचा थेंब

पहिले दोन महिने अग्राफेनाने
मला वेल्डिंगच्या दांडीला हात लावू दिला नाही.
दोरीला बांधलेलं एक चुंबक दिलं,
म्हणाली, साव्वाती, जा, भंगाराची ओळख करून घे.

बाहेर उणे एकतीस. पेचोरा नदी गोठून गप्प.
शेडमागे बर्फात अर्धे पुरलेले ट्रॅक्टर, पाइप, बोटीचा कणा,
कुठल्याशा विमानाची शेपटी.
चिकटलं ते लोखंड. ठीक.
न चिकटलेल्याचं काय?
पुढची सगळी वर्षं त्यातच गेली माझी.

कानस मार. मऊ लागतं का?
चिकटलेलं ग्राइंडरवर टेकव, नुसतं टेकव:
साध्या पोलादाची ठिणगी लांब, वाळल्या काडीसारखी पिवळी,
स्प्रिंगच्या पोलादाची वाटेतच फुटून झुडूप होते,
बिडाची आखूड, तांबूस, रुसलेली.
हलकं, करडं काही हाती आलं
तर ग्राइंडरपासून लांब ठेव
आणि मला हाक मार.

आम्ही कराकात बांधायचो.
ट्रकच्या ट्यूबा फुगवून केलेली चाकं,
मोटारसायकलचं इंजिन,
बर्फावर पळणारी आणि बर्फ फुटला तर तरंगणारी गाडी.
एकीसारखी दुसरी नाही.
एकाच सांगाड्यात पाच घरची हाडं.

एकदा घाईत, जस्ताचा थर न खरवडता
मी पाइप जोडला.
पांढरा धूर, पिंजलेल्या लोकरीसारखा,
तोंडात गोडसर चव.
रात्री हुडहुडीने दात वाजले.
ती उशाशी बसून होती, एक शब्द बोलली नाही.
तापातून उठलो तेव्हा कानस माझ्या हातात ठेवली.

मार्चअखेर कोंद्राती आला,
टॉवेलात गुंडाळलेला ओतीव तुकडा घेऊन:
हेलिकॉप्टरच्या चाकाची अर्धी कड.
त्याचा बाप त्याच हेलिकॉप्टरचा मेकॅनिक,
टुंड्रात कोसळलं तेव्हा आतच होता.
पुढच्या आडव्या दांडीला हे वेल्ड कर, कोंद्राती म्हणाला,
नदी ओलांडताना तो पुढे असू दे.

अग्राफेनाने तुकडा तळहातावर तोलला.
माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ॲल्युमिनियम.
तिने एक कोपरा चकाकेपर्यंत खरवडला,
पेल्मेनीसाठी ठेवलेल्या बाटलीतून
व्हिनेगरचा एक थेंब सोडला.
थेंब फसफसला.
मॅग्नेशियम.
पेटलं तर पाण्याने जास्तच पेटतं हे.

कोंद्राती म्हणाला, दुप्पट पैसे देतो.
ती म्हणाली, मला भीती वाटते.
तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला,
खणखणीत,
एखादं हत्यार मागावं तसा.

मग हातड्रिलने, सावकाश, चार भोकं.
कीस कोरड्या डब्यात, वर झाकण.
तुकडा आणि पोलाद यांच्यामध्ये
फुटक्या ट्यूबची कापलेली चकती:
ओल्यात यांचं अंगाला अंग लागलं
की पोलाद याला खाऊन टाकतं, ती म्हणाली.
बोल्ट आवळले. कोंद्राती काही बोलला नाही,
फक्त टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली.

मग तो तुकडा बोल्टांसकट उतरवून
टॉवेलातच दाराबाहेर नेला, बर्फावर ठेवला,
आणि उरलेली दांडी तिने मला जोडायला सांगितली.
बॅटरी काढ. पेट्रोलची टाकी
रिकामी आहे म्हणतोस? रिकामीच जास्त वाईट. तीही बाहेर.
अर्थिंगचा चिमटा सांध्याजवळ, बेअरिंगपल्याड नको.
बाह्या खाली. वाळूची बादली इथे, पायाशी.
आता मुखवटा.

काचेच्या हिरव्या काळोखात
एक लहानसं तळं वितळत पुढे सरकलं
आणि त्यामागून मी.

शेवटी तिने दिवा मालवला.
आम्ही तिघं अर्धा तास अंधारात बसलो,
कुठे लाल ठिपका धुमसतोय का बघत.
नव्हता.
कोंद्राती उठायला लागला.
ती म्हणाली, आणखी पाच मिनिटं.